घरी बांधलेल्या विमानात कप्पा वाढवताना आधी ‘उलाळ’ का बघतात?

सातारा जिल्ह्याचे सुपुत्र कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. आपल्याकडे असं उदाहरण विरळाच. अमेरिकेत मात्र हा छंद जुना आहे. तिथल्या हौशी बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना १९५३ पासून आहे. निम्म्याहून जास्त काम हौसेनं स्वतः केलेलं असलं की विमान ‘हौशी बांधणी’त धरलं जातं आणि मालकाला त्यात बदलही करता येतात. अशा बदलांपैकी एक म्हणजे सामानाचा कप्पा.

कारण साधं आहे. आरव्ही-७ हे किटमधून बांधायचं लोकप्रिय दोन आसनी विमान. सीटांमागे सामानाची मर्यादा १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो. बॅगा तिथे बसतात. पण ऑइलचा डबा, पाने, विमान बांधून ठेवायचे दोर, पाण्याची बाटली, चार्जर ठेवायचे कुठे? मग लक्ष जातं मागच्या पडद्याआड, शेपटीकडच्या पोकळीकडे. एवढी जागा रिकामीच पडलीय की!

घोळ इथंच होतो. बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. उसाच्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली कुणी पाहिली नाहीत? विमानाचंही तसंच, फक्त ते हवेत होतं. शेपटी जड झाली की नाक वर जाऊ पाहतं, वेग पडतो, पंखांची उचल तुटते. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं तर सावरणं कधी कधी अशक्य होतं.

हिशोब मात्र शाळेतल्या तरफेचाच आहे. समजा, भरलेलं विमान ७०० किलोचं आहे आणि तोलबिंदूपासून २ मीटर मागे १० किलो ठेवले. १० गुणिले २, भागिले ७१०. तोलबिंदू जवळपास ३ सेंटिमीटर मागे सरकला. आरव्ही-७ मध्ये हा बिंदू पुढे-मागे हलायला एकूण साधारण २० सेंटिमीटरचीच मुभा असते. शिवाय या विमानात टाक्या पंखात, तोलबिंदूच्या थोड्या पुढे. इंधन जळत जातं तसा तोल आणखी मागे जातो. म्हणून निघतानाचा हिशोब बरोबर आला तरी उतरतानाचा वेगळा करावाच लागतो.

आरव्ही-८ मध्ये इंजिनच्या मागे, पायलटच्या पुढेही सामानाची पेटी दिलेली असते, ती याच तोलासाठी. ज्यांच्याकडे तशी सोय नाही ते जड वस्तू सीटजवळ आणि हलक्या मागे ठेवतात. काही जण तर बॅटरीच पुढे-मागे हलवून तोल जमवतात.

शेपटीतली पोकळी दिसते तशी मोकळी नसतेच. मागचं सुकाणू हलवणारे दांडे आणि तारा तिथूनच जातात. एखादा पाना सुटून त्यात अडकला तर दांडी हलायची बंद. त्यामुळे कप्प्याला पक्की भिंत आणि हिसक्यानं न उघडणारी कडी लागते. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा नाहीतर फायबर वापरतात. किरकोळ वस्तूंना दाराच्या बाजूला शिवलेला कापडी खिसाही पुरतो, आणि खरं तर बहुतेकांचं काम त्यावरच भागतं. हवेत जोराचा धक्का बसून भार तिप्पट झाला तर ५ किलोची पिशवी १५ किलोसारखी ओढते, रिव्हेट त्या मानानं मारावे लागतात. लोखंडी अवजारं होकायंत्राजवळ नकोत, ते चुकीची दिशा दाखवतं.

कप्पा बसल्यावर विमान पुन्हा काट्यावर जातं. तीन चाकांखाली तीन काटे, नवे आकडे वहीत. कप्प्याच्या झाकणावर किलोची मर्यादा ठळक लिहितात, कारण उद्या सामान भरणारा दुसराच कुणी असू शकतो. मग त्यात वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून, सोबत कुणालाही न घेता, दर फेरीला थोडं थोडं वजन वाढवत विमान उडवून बघतात.