सहा आकडे पुरतात कसे?

शाळेत नवा टॅब आला, की जुन्या संगणकात साठवलेली खात्यांची नावे आणि परवलीचे शब्द त्यात न्यावे लागतात. ही ने-आण करण्याच्या काही पद्धतींत जुन्या उपकरणाच्या पडद्यावर सहा आकडे उमटतात. ते नव्या उपकरणावर टिपले, की काम होते. मधला प्रवास मात्र वायफाय किंवा इंटरनेटवरून, म्हणजे भर रस्त्यातून होतो. सहा आकड्यांचे संकेतांक एकंदर १० लाखच. तेवढे तपासून पाहणे संगणकाला मुळीच अवघड नाही. मग एवढ्याशा संकेतांकावर आपण किल्ल्यांचा सगळा जुडगा कसा सोपवतो?

आधी एक फसवी पद्धत पाहू. समजा, संकेतांक हीच किल्ली मानून परवलीचे शब्द कुलूपबंद केले आणि पाठवले. वाटेत कोणी त्या संदेशाची नक्कल करून ठेवली, तर तो घरी बसून ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत एकेक किल्ली लावून पाहील. चुकीच्या किल्लीने निरर्थक अक्षरे मिळतील, बरोबर किल्लीने अर्थपूर्ण मजकूर. त्याला कोणी अडवणार नाही आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. म्हणजे छोटा संकेतांक किल्ली म्हणून कुचकामी आहे.

तेव्हा किल्ली वेगळी आणि मोठी हवी, आणि ती दोन्ही उपकरणांनी उघड्यावर बोलूनच तयार करायला हवी. हे शक्य आहे का? व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली याची रीत प्रसिद्ध केली. ती वर्गात करून पाहता येते. फळ्यावर २ आणि ११ या संख्या लिहा. पहिल्या बाकावरच्या मुलीने मनात ३ धरले. २ चा तिसरा घात ८; त्याला ११ ने भागून बाकी ८. ती मोठ्याने ‘आठ’ म्हणेल. शेवटच्या बाकावरच्या मुलाने मनात ४ धरले. २ चा चौथा घात १६. ११ ने भागून बाकी ५. तो ‘पाच’ म्हणेल. आता मुलगी ५ चा तिसरा घात करील: १२५, बाकी ४. मुलगा ८ चा चौथा घात करील: ४०९६, बाकी ४. दोघांची किल्ली ४ ठरली आणि ती कोणीच उच्चारली नाही! संख्या इतक्या लहान असल्या, तर वर्गातली इतर मुले मनातले आकडे सहज शोधतील. पण ११ च्या जागी सहाशेहून अधिक आकड्यांची योग्य मूळ संख्या घेतली, तर बाकीवरून घात शोधून काढणे आजच्या संगणकांना जमत नाही.

या रीतीत एक उणीव आहे. मोठ्याने न बोलता दोघांनी चिठ्ठ्या पाठवल्या, तर मधल्या बाकावरचा तोतया त्या बदलू शकतो. तो मुलीशी एक किल्ली ठरवील आणि मुलाशी दुसरी. दोघांना वाटेल, आपण एकमेकांशीच बोलत आहोत.

संकेतांक उपयोगी पडतो तो इथे. स्टीव्हन बेलोविन आणि मायकेल मेरिट यांनी १९९२ साली सुचवले, की चिठ्ठीतली संख्याच संकेतांकाने झाकून पाठवावी. कोणत्याही संकेतांकाने झाकण काढले, तरी आतून एक संख्याच निघते. बरोबर कोणती, हे सांगणारी खूण तिच्यात नसते. त्यामुळे चिठ्ठीची नक्कल घरी नेऊन उपयोग होत नाही. तोतयाला चिठ्ठी बदलतानाच एक अंदाज करावा लागतो. तो चुकला, तर दोन्हीकडच्या किल्ल्या जुळत नाहीत. ताळा घेताना हे उघड होते आणि जोडणी तुटते. संकेतांक तिथेच रद्द केला, तर तोतयाला संधी मिळते ती १० लाखांत एक.

ब्रायन वॉर्नर यांची ‘मॅजिक वर्महोल’ ही आज्ञावली याच घराण्यातली रीत वापरते. तिच्या नेहमीच्या संकेतात एक क्रमांक आणि दोन इंग्रजी शब्द असतात. क्रमांक भेटीची जागा सांगतो, शब्द गुपित राखतात. प्रत्येकी २५६ शब्दांच्या दोन याद्यांतून ते निवडले जात असल्याने ६५,५३६ जोड्या होतात. एकदाच अंदाज करता येत असल्याने तेवढ्या पुरतात.

ब्लूटूथच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून आणखी एक प्रकार रूढ झाला. त्यात दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि ते सारखे आहेत का, हे माणसाने पाहायचे असते. न पाहताच ‘हो’ दाबले, तर तोतयाला वाट मोकळी होते.

या सगळ्या गणिताला एक गोष्ट ठाऊक नसते: संकेतांक कोणाच्या हाती आहे. कोणी फोनवर ‘पडद्यावरचे आकडे सांगा’ म्हणाला आणि आपण सांगितले, तर यंत्र त्याच्याशीही तितक्याच इमानाने किल्ली ठरवील. म्हणून आकडे स्वतःच्या एका उपकरणावर वाचावेत आणि स्वतःच्याच दुसऱ्यावर टिपावेत.

विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रश्न घाला. संकेतांक चार आकडी आहे आणि तीन अंदाज करू दिले आहेत. तोतया यशस्वी होण्याची शक्यता किती? आणि अंदाजांवर मर्यादाच नसेल, तर?