पस्तीस तासांचा आठवडा : कायदा आणि वास्तव

फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स हे परस्परांचे शेजारी. आठवड्यात किती तास काम करावे, या प्रश्नाची त्यांची उत्तरे मात्र भिन्न आहेत.

फ्रान्समध्ये वीसहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना २००० साली आणि लहान आस्थापनांना २००२ साली ३५ तासांचा आठवडा लागू झाला. परंतु ही कमाल मर्यादा नव्हे. त्यापुढे जादा कामाचा वाढीव मोबदला सुरू होतो, एवढेच. कमाल मर्यादा ४८ तासांची आहे. बेल्जियमने २००३ मध्ये ३८ तास निश्चित केले. जर्मनीचा १९९४ चा कायदा दिवसाला आठ तास व आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ४८ तासांची मुभा देतो. तथापि, पश्चिम जर्मनीतील धातुउद्योगात कामगार संघटनेने वाटाघाटींतून १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा मिळविला.

प्रत्यक्ष कामाचे चित्र आणखी निराळे आहे. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०२४ मध्ये संघाची साप्ताहिक सरासरी ३६ तास होती, जर्मनीची ३३.९, तर नेदरलँड्सची अवघी ३२.१. याचे प्रमुख कारण अर्धवेळ नोकऱ्या. नेदरलँड्समध्ये नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ काम करतात. साहजिकच त्यांचे वेतन आणि नोकरीशी निगडित निवृत्तिवेतनही कमी राहते.

म्हणूनच केवळ सरासरी पाहून कोणत्या देशातील कामगार अधिक सुखी, हे ठरविता येत नाही. कमी झालेल्या तासांबरोबर वेतन टिकले की घटले, हाच खरा निकष होय.