तुंब्यावरचा हात

१९९८ च्या वसंतात ओहायो राज्यातील कोलंबस शहरी मी शिडाची एक जुनी जोडनौका, होबी १६, विकत घेतली, आणि २०२३ च्या शरदात ती दुसऱ्याच्या स्वाधीन केली. या पंचवीस वर्षांची रोजकीर्द माझ्यापाशी आहे. कोणत्या मार्गाने किती मैल गेलो, कोठे मुक्काम केला, काय मोडले आणि ते कसे सांधले, एवढाच तिचा मजकूर. नौका सुपूर्द करण्यापूर्वी हे दप्तर पहिल्या पानापासून वाचून काढले, तेव्हा तुकड्यातुकड्यांनी मला पूर्वीच ठाऊक असलेली गोष्ट प्रथमच सलग नजरेस आली: या नौकेच्या अंगावर जेवढे व्रण आहेत, त्यांपैकी पाण्याने केलेले अवघे दोन, आणि बाकीचे सारे रस्त्याने केलेले आहेत.

मी मालवणच्या किनाऱ्यावर वाढलो. तेथे होडीचा जमिनीवरचा प्रवास म्हणजे ओंडक्यांवरून ओढत नेलेली वाळूतली शंभर पावले. पावसाळ्याच्या तोंडी ती वर घ्यायची, झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा पाण्यात लोटायची. अमेरिकेच्या अंतर्भागात राहणाऱ्या शीडवाल्याचे जीवन याच्या अगदी उलट असते. समुद्र त्याच्यापासून सहाशे किंवा हजार मैल दूर, आणि म्हणून त्याची नौका वर्षभरात जेवढे पाणी कापते त्याच्या कितीतरी पट डांबर कापते. दक्षिण कॅलिफोर्नियातील सर्फफळ्यांचे कारागीर होबी आल्टर यांनी १९६८ साली चौदा फुटी आणि तिच्या पाठोपाठ सोळा फुटी जोडनौका बाजारात आणली, त्या वेळी अमेरिकेच्या हमरस्त्यांवर वाहनाच्या रुंदीची मर्यादा ८ फूट होती. होबी १६ ची रुंदी आहे ७ फूट ११ इंच. १९८२ च्या कायद्याने ही मर्यादा राष्ट्रीय महामार्गांवर साडेआठ फुटांवर गेली, आणि पुढे निघालेली होबी २० नेमकी साडेआठ फूट रुंद झाली. ऑलिंपिकमध्ये १९७६ ते २००८ पर्यंत धावलेली टॉर्नेडो मात्र दहा फूट रुंद, त्यामुळे तिच्या मालकांना ती ट्रेलरवर तिरपी उभी करून किंवा सुटी करूनच न्यावी लागे. वाऱ्याच्या जोरापुढे उभे राहण्यास लागणारे जोडनौकेचे मुख्य बळ तिच्या रुंदीत असते, आणि ती रुंदी कायद्याच्या कलमाने बांधून दिलेली आहे, याचे मला आजही नवल वाटते.

पहिली मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली, आणि ती अतिकाळजीतून झाली. फ्लॉरिडातील की लार्गो आमच्यापासून सुमारे साडेबाराशे मैल. एवढ्या अंतरात नौका हलू नये म्हणून मी रॅचेटचे पट्टे दोन्ही हलांवरून घेतले आणि दांडा आणखी फिरेना इतके आवळले. होबीची हल, म्हणजे तिच्या जोडीतील प्रत्येक अरुंद पोकळ अंग, काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये फेस भरून घडवलेली असते. हलकेपणा आणि ताठपणा यांचा तो उत्तम संयोग असला तरी एका जागी सतत पडणारा दाब त्याला सोसत नाही. ट्रेलरचे अरुंद रूळ खालून आणि पट्टे वरून, अशा कात्रीत दोन दिवस धक्के खाल्ल्यावर डाव्या हलचा तळहाताएवढा भाग अंगठ्याखाली मऊ लागू लागला. बोटाने टिचकी मारली असता इतरत्र खणखणीत नाद येई आणि तेथे बद्द. आतला थर फेसापासून सुटला होता. बारीक भोके पाडून त्यांतून इपॉक्सी भरण्यात पुढचा सबंध हिवाळा गेला. त्यानंतर मी रूळ काढून हलच्या तळाच्या गोलाईबरहुकूम कोरलेले, गालिच्याने मढवलेले रुंद लाकडी पाळणे बसवले, आणि पट्टे हलांवरून न नेता त्यांना जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आडव्या तुळयांवरून बांधू लागलो. ताण कितीसा असावा, तर नौका हलवली की ट्रेलर तिच्याबरोबर हलावा, इतकाच. पट्ट्याला एक पीळ दिला म्हणजे तो वाऱ्याने फडफडत नाही, ही युक्ती एका वृद्ध शीडवाल्याने केंटकीतल्या पेट्रोलपंपावर मला स्वतः करून दाखविली. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले.

डोलकाठी साडेसव्वीस फुटांची, म्हणजे नौकेहून दहा फुटांनी लांब. ती पुढे ट्रेलरच्या खांबावर आणि मागे तुळईवर, दोन्हीकडे जाड गादी घालून टेकवावी, मागे निघालेल्या टोकाला लाल फडके बांधावे, आणि तिच्या तारा दर दोन फुटांवर बांधून टाकाव्यात; कारण सुटी राहिलेली एक तार शेकडो मैल हेलकावत हलच्या चकाकत्या कवचावर करवतीसारखी चालते. सुकाणू काढूनच ठेवावेत, नाहीतर त्यांच्या बिजागऱ्या समुद्रात दहा वर्षांत झिजत नाहीत तितक्या एका प्रवासात झिजतात. मोटारीच्या मागच्या चाकांनी उडवलेल्या खड्यांपासून नाळेचे रक्षण व्हावे म्हणून मी कापडी आवरणे शिवून घेतली होती, पण सैल आवरणाखाली अडकलेली धूळ कवच घासून निस्तेज करते, हे ध्यानात आल्यावर ती अंगाबरोबर घट्ट बसतील अशी पुन्हा शिवली. हत्यारांची पेटी एकदा सोयीसाठी मागे ठेवली, आणि टेनेसीतील जेलिकोच्या उतारावर ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागला. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या आकड्यावर असला पाहिजे, हा नियम त्या दिवशी माझ्या अंगात भिनला.

परंतु रोजकीर्दीतील सर्वांत अधिक पाने चाकांनी घेतली आहेत. जुलै २००४ मध्ये जॉर्जियाच्या दक्षिण टोकाला, व्हॅल्डोस्टाच्या अलीकडे, उजव्या चाकातून धूर निघाला. थांबून पाहतो तो चाक कललेले, बेअरिंग जळून निळे पडलेले आणि आसाच्या टोकाला खोल चरे गेलेले. कारण आदल्या वर्षाचे होते. दिवसभराच्या धावेने तापलेला तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, मी तसाच खाऱ्या पाण्यात उतरवला होता. आतली तप्त हवा एकाएकी थंड होऊन आकसली आणि तिने सीलवाटे पाणी आत ओढून घेतले. हिवाळाभर ते ग्रीसमध्ये मिसळून दुधाळ होत राहिले. त्यात माझी चाके आठ इंची, जी मैलामागे सुमारे साडेबाराशे फेरे घेतात. बारा इंची चाकांना हजारांच्या आसपास पुरतात. बैलगाडीच्या काळात आमच्याकडचे गाडीवान गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगल्याशिवाय लांबचा पल्ला गाठत नसत, आणि लहानपणी त्या नळकांड्याशी खेळलेला मी महामार्गावर एका चिमूट ग्रीसवाचून दोन दिवस अडकून पडलो. परतल्यावर बारा इंची चाके आली, ग्रीसवर सतत दाब ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या आल्या, वंगण भरून तयार ठेवलेला एक जादा तुंबा पेटीत कायमचा राहिला, आणि समुद्रकाठी ट्रेलर पाण्यात घालणेच मी बंद केले. फुगीर चाकांच्या हातगाडीवरून नौका वाळूतून खाली नेता येते. शिवाय प्रत्येक थांब्यावर उतरताच प्रथम दोन्ही तुंब्यांवर हात ठेवण्याचा रिवाज पडला. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जायचे नाही.

२०११ चा कोलोराडोचा प्रवास मात्र वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. कोलंबसहून डिलन सरोवर सुमारे तेराशे मैल, आणि सबंध वाट ७० क्रमांकाच्या एकाच महामार्गाची. सरोवर नऊ हजार फुटांवर, आणि त्याच्या जरासे अलीकडे अकरा हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा. डेन्व्हरला पाणी काढण्याची बुचे सहज तपासावयास गेलो, तो पहिले बूच सैल होताच हलमधून हवेचा फूत्कार बाहेर पडला. हवेसाठी ठेवलेले सूक्ष्म छिद्र मेणाने बुजले होते आणि आमच्या सखल मुलखातली हवा मी दोन्ही हलांत बंद करून डोंगरावर आणली होती. बोगद्याच्या उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो; तसाच पुढे गेलो असतो तर सांधे उकलले असते. तेव्हापासून ट्रेलरवर चढलेल्या नौकेची बुचे माझ्या खिशात असत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मिशिगनचे एक तरुण जोडपे नौका नेण्यास आले. त्यांना तारा बांधायला लावल्या, पट्ट्याला पीळ द्यायला लावला, बुचे त्या मुलीच्या हाती दिली आणि रोजकीर्दीची नक्कल पेटीत ठेवली. दीड तासाने फोन वाजला. टोलेडोच्या रस्त्यावर पहिला थांबा झाला होता, आणि उजवा तुंबा डाव्याहून किंचित गरम लागतो, काय करावे, असे ती विचारत होती. ऊन कोणत्या बाजूला आहे, एवढेच मी विचारले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, उजव्या.