जुना घडीचा चाकू : किलोवर विकण्यापूर्वी शिक्का वाचा

जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळते. या भंगाराबरोबर घराघरांतून निघालेले जुने घडीचे चाकूही किलोच्या भावाने जातात. बहुतेक त्याच लायकीचे असतात. पण एखादा शंभर वर्षांपूर्वी विलायतेहून आलेला असतो आणि जुन्या वस्तू जमवणारा त्याचे दाम वजनावर ठरवत नाही. म्हणून भंगार व्यापारी आणि शिकलगार बंधूंनी चाकू हाती येताच दोन प्रश्न विचारावेत. तो कुठे बनला? आणि कोणासाठी बनला? पहिल्याचे उत्तर शिक्क्यात असते, दुसऱ्याचे घडणीत.

शिक्का काय सांगतो?

पाते पूर्ण उघडा आणि ते मुठीत शिरते तिथे, बुडाशी पाहा. कारखानदाराचे नाव, चिन्ह व गाव तिथेच ठोकलेले असते. तारा आणि क्रॉस हे शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चिन्ह. जुळ्या माणसांची आकृती हे जर्मनीतील सोलिंगेनच्या हेन्केल्सचे. ते १७३१ साली नोंदले गेले. ‘आय एक्स एल’ हा शेफिल्डच्या वोस्टनहोमचा शिक्का. या कारखान्याचा अमेरिकेशी व्यापार इतका मोठा होता की त्याचे नावच ‘वॉशिंग्टन वर्क्स’ होते.

नावाजलेल्या मालाची नक्कल तेव्हाही होत असे. जर्मन मालावर शेफिल्डची नावे येऊ लागली म्हणून ब्रिटनने १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा केला. हिंदुस्थानात तसा कायदा १८८९ साली आला. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि १८९१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. त्यामुळे शिक्क्यात ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर माल बहुधा त्यानंतरचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधला. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. राजाच्या नावाची अक्षरेही उपयोगी पडतात. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, अर्थात १९०१ पूर्वी. मात्र जुना शिक्का कारखानदार पुढेही चालू ठेवतो, म्हणून एकाच खुणेवर भाव सांगू नये.

घडण काय सांगते?

आकारावरून गिऱ्हाईक कळते. लहान, बारीक पात्याचा चाकू लेखणी तासण्याचा. आपल्याकडे त्याला कलमतराश म्हणत. निजामाच्या राज्यात १८८४ पासून सरकारी कारभार उर्दूत चाले आणि जालना १९४८ पर्यंत त्या राज्यात होते. दप्तरांत अशा चाकूचे काम रोजचेच. सरळ धार आणि साल उचलायला हाडाची किंवा पितळेची चपटी जीभ असेल, तर तो कलमे बांधणाऱ्याचा, डोळा भरण्याचा चाकू. मोसंबीच्या बागांच्या या जिल्ह्यात तो सापडला तर नवल नाही. बोथट टोकाचे रुंद पाते खलाशासाठी.

दोरी अडकवायची कडी, डबा उघडायची पट्टी, जाड सुया आणि बाणाचा ठसा असेल तर चाकू ब्रिटिश लष्कराचा. जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणून असा प्रत्येक चाकू ‘छावणीचा’ म्हणून विकण्याचा मोह होतो. पण कंटिंजंट १९०३ साली मोडीत निघाली. पात्यावर १९४४ असेल तर तो दुसऱ्या महायुद्धातला, हे गिऱ्हाइकाला खरे सांगावे.

कारागिरांनी जपावे

जुना चाकू धार लावायला आला तर चाक शिक्क्यावर फिरवू नका. गंज तेल लावून मऊ कापडाने पुसा. पॉलिश करून नवा दिसणारा चाकू आपली ओळख गमावतो आणि ओळखीबरोबर किंमतही.

कायद्याची बाजू

घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेला, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रास्त्र कायद्याच्या नियमांत येतो. रामपूरचा खटकेदार चाकू पुष्कळदा याहून लांब असतो. तो जुना आहे, शोभेचा आहे, हा खुलासा पोलिसांपुढे पुरत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश लागू असताना लहान चाकू घेऊन फिरणेही अडचणीचे ठरते. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. असा सौदा करूच नये.

राहिलेल्या मालाचे एक वेगळे खोके ठेवावे. प्रत्येक चाकूला चिठ्ठी बांधावी आणि तीवर शिक्का, मुठीचा प्रकार व तो कोणाकडून आला हे लिहावे. विकत घेतल्याची ही नोंद उद्या गिऱ्हाइकालाही दाखवता येते आणि चौकशी झाली तर पोलिसांनाही.