साखरेवांचून गोडी

गोडाची आवड आणि गोडाचें भय हीं दोन्ही एकाच पंक्तीस येऊन बसलीं, म्हणजे बाजारास नवें गिऱ्हाईक मिळतें. पॅनकेकवर ओतावयाचा 'शुगर-फ्री' पाक हें त्याचेंच फळ होय. पॅनकेक म्हणजे आमच्या धिरड्याचा जाड, फुगीर भाऊबंद. त्यावरील मूळचा पाक मेपल वृक्षाच्या रसाचा. सुमारें ४० भाग रस आटवावा तेव्हां एक भाग पाक हातीं येतो. आमची काकवीही उसाच्या रसाची अशीच आटवून केलेली. दोहोंतही साखर भरपूर. आतां ही साखरविरहित बाटली त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रींही घरबसल्या मागवितां येते, आणि घरांत मधुमेहाचा एक रोगी असला तरी तिची धार सर्वांच्याच ताटांत पडूं लागते. म्हणून तिच्यांत असतें काय, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहावे, असा दंडक आहे. अशा पाकांत पहिलें नांव बहुधा पाण्याचें असतें. दाटपणासाठीं सेल्युलोज गम (अंक ४६६), रंगासाठीं कॅरमेल, वासासाठीं कृत्रिम मेपलगंध, नासूं नये म्हणून सोडियम बेंझोएट (२११), आणि गोडीसाठीं सुक्रालोज (९५५) व असेसल्फेम पोटॅशियम (९५०). कित्येकांत सॉर्बिटॉलही (४२०) असतें. त्याच्या एका ग्रॅमांत सुमारें २.६ कॅलरी, तर साखरेच्या ४. तें अधिक पोटांत गेल्यास रेच होतात. एकटी साखर गोडी, दाटपणा, रंग आणि टिकाऊपणा हीं चार कामें करीत होती. तिला काढतांच चार नोकर ठेवावे लागले!

सुक्रालोजचा इतिहास मराठी वाचकांस विशेष वाटेल. १९७६ मध्यें लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत लेस्ली हफ यांच्या हाताखालीं शशिकांत फडणीस हे साखरेच्या क्लोरिनयुक्त संयुगांवर काम करीत होते. पदार्थ तपासून पाहण्याचा निरोप त्यांनीं चाखून पाहण्याचा समजून घेतला, आणि ही गोडी उघडकीस आली, असें सांगतात. आमच्या देवनागरींत दोन्ही इंग्रजी शब्द 'टेस्ट' असेच लिहिले जातात, हें लक्षांत घेतां या गफलतीचें नवल वाटत नाहीं. साखरेच्या रेणूंतील तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागीं क्लोरिनचे तीन अणु बसविले कीं सुक्रालोज होतें. तें साखरेच्या सुमारें ६०० पट गोड. म्हणजे साखरेस भिऊन घेतलेल्या बाटलींतील गोडी साखरेपासूनच बनते!

मग ही बाटली त्याज्य मानावी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. सुक्रालोजनें रक्तांतील साखर साखरेप्रमाणें चढत नाहीं. वैद्याच्या सल्ल्यानें रोग्यानें तें बेतानें घ्यावें. परंतु मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं अशीं द्रव्यें वापरूं नयेत असा सल्ला दिला. आधींपासून मधुमेह असलेल्यांस मात्र त्यांतून वगळलें. खरा धोका 'शुगर-फ्री' या शब्दांतच आहे. तो वाचून आजोबा दोहोंऐवजीं चार धिरडीं खातात, आणि तांदुळाच्या वा मैद्याच्या पिठाची पोटांत साखरच होते, हें विसरलें जातें. काकवी घरची म्हणून रोग्यास चालते, हाही तितकाच भ्रम. मुलांस तर या बाटलीची गरजच नाहीं. पातळ पाण्यासही अतिगोड करणाऱ्या द्रव्याची चटक जिभेस बालपणींच कां लावावी?

चरक-सुश्रुतांनीं प्रमेहाचे २० प्रकार सांगितले. उपायांत मात्र पर्यायी गोडी शोधीत न बसतां यवान्न व व्यायाम यांवर भर दिला. त्यांतील धोरण आजही घेण्याजोगें आहे. त्र्यंबकेश्वराच्या आसपास नागली पिकते; तिच्या पिठांत डाळीचें पीठ मिसळून तिखटमिठाचीं धिरडीं करावीं, बरोबर चटणी वाढावी. नागलींतही पिष्ट आहेच, म्हणून संख्या मोजावी. मुलांच्या ताटांत सणावारीं चमचाभर काकवी पुरे. आणि रोग्यासाठीं बाटली आणलीच, तर ती त्याच्याच नांवाची, निराळ्या फळीवर असावी. एकत्र कुटुंबांत पंक्ति एक असली, तरी प्रत्येकाच्या ताटांतील पथ्य निराळें असतें. तें सांभाळणें हेंच वाढणाऱ्या हाताचें खरें कौशल्य होय.