माडग्याळी लोकरीचा मासा

जतपासून समुद्र लांब, मध्ये अख्खा सह्याद्री. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की तो म्हैसाळ योजनेच्या आवर्तनाचा असतो, भरती-ओहोटीचा नसतो. तरीही गेले काही दिवस माझ्या टेबलावरच्या छोट्या शेगड्यात एक गळ घट्ट पकडलेला आहे आणि त्याच्यावर खाडीतल्या जिताड्याला भुलवणारा मासा आकार घेतो आहे. त्याचे बहुतेक सगळे सामान याच तालुक्यातले: शेळीचे केस, गावरान कोंबड्याची पिसे आणि माडग्याळी मेंढीची लोकर.

पिसे, केस दोऱ्याने गळावर बांधून केलेल्या या आमिषाला फ्लाय, म्हणजे माशी, म्हणतात. नदीतल्या माशांसाठी किड्यांची नक्कल करत, त्यावरून हे नाव पडले. समुद्रातला शिकारी मासा मात्र तारली, मांदेली, बोयची पिल्ले यांच्या मागावर असतो. म्हणून खाऱ्या पाण्यातली ‘माशी’ बहुतेक वेळा मासाच असते. अमेरिकेतल्या लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली ‘डिसीव्हर’ ही त्यातली मला सर्वांत आवडणारी रचना. लांबी आणि रंग बदलला की तीच तारली होते, तीच बांगड्याचे पिल्लू होते.

जवळून पाहिले तर ती माशासारखी फारशी दिसत नाही. तिला खवले नाहीत, कल्ले नाहीत. मग जिताडा फसतो कसा? याचे उत्तर डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गेन यांच्या १९३० च्या दशकातल्या प्रयोगांत सापडते. स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशाच्या नराचे पोट विणीच्या काळात लाल होते आणि दुसरा नर दिसताच तो त्याच्यावर धावून जातो. टिनबर्गेन यांनी त्याच्यासमोर हुबेहूब पण लाल नसलेला मासा धरला, तेव्हा त्याला फारसा राग आला नाही. ओबडधोबड, पण खालून लाल रंगवलेला तुकडा धरला, तर तो तुटून पडला. प्राणी समोरचे अख्खे चित्र तपासत बसत नाही, दोन-चार खुणा पटल्या की पुरे. या संशोधनासाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आमिष बांधताना करायचे ते एवढेच: जिताडा कोणत्या खुणा तपासतो ते ओळखून तेवढ्याच द्यायच्या.

पहिली खूण हालचालीची. कोंबड्याच्या पाठीवरून शेपटीकडे लोंबणारी लांब पिसे घेऊन दोन्ही बाजूंना तीन-तीन, बाक आतल्या बाजूला ठेवून, गळाच्या दांडीच्या मागच्या टोकाला बांधायची. पाण्यात ती शेपटीसारखी वळवळतात. पुढे तोंडाजवळ शेळीच्या केसांचा झुबका सगळीकडून सारखा पसरायचा. मूळ रचनेत इथे हरणाच्या शेपटीचे केस असतात, ते थोडे राठ आणि कुरळे. शेळीचा केस सरळ आणि मऊ, त्यामुळे तो जास्त हलतो. या झुबक्यामुळे पिसे गळाला गुंडाळत नाहीत आणि पाण्याबाहेर येताच केस पाणी झटकून टाकतात. फेकताना ते महत्त्वाचे, कारण फ्लायच्या मासेमारीत वजन दोरीत असते, आमिष जवळजवळ बिनवजनी.

लोकरीचे काम उलटे. ती पाणी धरून ठेवते, म्हणून चिमूटभरच घ्यायची. धनगर मेंढ्या कातरतात तेव्हा खाली पडणारी माडग्याळी लोकर भरड असते. ती डोक्यापाशी दाबून बांधली आणि कात्रीने गोल केली की बोयचे बोथट डोके तयार होते. हे डोके पाणी ढकलत जाते. माशाच्या अंगावर कडेने एक संवेदनरेषा असते, तिला पाण्यातली ही हालचाल कळते. गढूळ खाडीत, रात्रीच्या वेळी, जिताड्याला आमिष दिसण्याआधी जाणवते ते असे.

मग चमक. माशाची चांदी म्हणजे ग्वानिनचे अतिशय पातळ स्फटिक. आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेले तेच ग्वानिन. हे स्फटिक आरशासारखे भोवतालचा उजेड परतवतात आणि मासा पाण्यात लपतो. तो जखमी होऊन कलंडला की आरशाचा कोन चुकतो आणि झगमग बाहेर पडते. शिकाऱ्याला तीच हवी असते. म्हणून जरीचे चार-पाच धागे बास. अख्खे अंग चमकवणे ही नवशिक्याची चूक, मीही ती केली आहे. पाठीला गडद आणि पोटाला पांढरे केस लावायचे, कारण खऱ्या माशाची रंगसंगती तशीच असते.

शेवटी डोळा. शिकारी मासे डोळ्यावरून भक्ष्याचे डोके ओळखतात आणि अनेकदा डोक्याकडूनच गिळतात, म्हणजे काटे घशात अडकत नाहीत. जुन्या इंग्रजी आमिषांत या डोळ्यासाठी राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस वापरत. त्या पिसाचा दांडा टोकाशी चपटा होतो आणि मेणाचा थेंब पडावा तसा पिवळसर पांढरा ठिपका दिसतो. या पिसांसाठी भारतातून मोठा व्यापार चाले आणि त्यात हा पक्षी भरडला गेला. तो आपलाच आहे. आमच्या सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीच्या जंगलात तो पहाटे आरवतो. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता या रानकोंबड्याच्या शिकारीला आणि पिसांच्या व्यापाराला बंदी आहे. कुणी जुने पीस देऊ केले तरी मी घेत नाही. पांढऱ्या नेलपॉलिशचा थेंब आणि त्यावर काळे टिंब देतो. जिताड्याला खूण हवी आहे, ती कुठून आली याची त्याला फिकीर नाही.

दोरा कापून काल संध्याकाळी मी तो मासा गुरांच्या हौदात सोडला. ओढला की केस अंगाला चिकटून तो निमुळता होई, थांबला की पिसे उघडत आणि तो श्वास घेतल्यासारखा फुगे. डावी बाजू जरा जड झाली आहे, तो कलंडतो. तिकडचे दोन-तीन केस आज काढायचे आहेत.