एमएफ डूम : मुखवट्याआडचा रॅपर
डॅनियल डुमिले ऊर्फ एमएफ डूम याचा जन्म 1971 मध्ये लंडनला झाला. वाढला मात्र न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये. धाकटा भाऊ सबरॉक याच्यासह त्याने ‘केएमडी’ हा गट काढला. 1993 मध्ये सबरॉक मोटारीच्या धडकेने गेला आणि पाठोपाठ मुखपृष्ठाच्या वादावरून रेकॉर्ड कंपनीने त्यांचा दुसरा अल्बम अडवला. काही वर्षे अज्ञातवासात काढून तो न्यूयॉर्कच्या छोट्या मंचावर परतला, तोही चेहऱ्यावर पायमोजा ओढून. पुढे मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमच्या धर्तीवरचा धातूचा मुखवटा आला. ‘ऑपरेशन: डूम्सडे’ (1999) या अल्बममध्ये जुन्या सोल गाण्यांचे तुकडे आणि कार्टूनमधले संवाद जोडून संगीतही मुख्यतः त्यानेच रचले. ओळीच्या शेवटीच नव्हे, तर शब्दाशब्दांत यमके गुंफण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. निर्माता मॅडलिबबरोबरचा ‘मॅडव्हिलनी’ (2004) ही त्याची सर्वोच्च कामगिरी: बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत संपणारी, ध्रुवपदाला फाटा देणारी. 2010 मध्ये परदेशातून परतणाऱ्या डूमला अमेरिकेने प्रवेश नाकारल्यावर तो इंग्लंडमध्येच राहिला. 31 ऑक्टोबर 2020 रोजी लीड्समध्ये त्याचे निधन झाले. जगाला ते कळले दोन महिन्यांनी, 31 डिसेंबरला.